सेकंदाला साडेसात इंच

अमरधामला दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं
आणि माझा उजवा हात
पँटच्या शिवणीवरून आपोआप वर सरकला,
फेडर शोधत.
आमच्या धंद्यात शांतता म्हणजे बिघाड.
पाच सेकंद गेली की ड्यूटी रूमचा फोन,
दहा गेली की लेखी खुलासा.
एकशेवीस सेकंद
हेमलता गायधनींना मी असं
कधीच सोडलं नव्हतं.

माणसं पुष्कळ होती.
टीव्हीवाले, महापालिकेतले, ओझरचे एक निवृत्त पोस्टमन,
ज्यांनी बाईंना कधी पाहिलं नव्हतं
आणि आता पाहायला आले होते.
मध होता आवाजात, एकजण म्हणाला.
मी गप्प राहिलो.
मध नव्हता.
सर्दीला चटकन धरायचा, 'ष'वर जरा घसरायचा,
सकाळच्या सभेला कधीकधी त्यात
आदल्या रात्रीच्या भांडणाची खरखर असायची.
ती मी ट्रेबल उतरवून झाकायचो.

टेप धावायची सेकंदाला साडेसात इंच.
म्हणजे बाईंचा खोकला पावणेचार इंच.
लांब वाक्य उचलण्याआधीचा श्वास, तीन.
"अगंबाई, परत घेऊ या का, बोरस्ते?"
अठरा इंच, पुढचं हसू धरलं तर तीस.
ब्लेडने तिरका छेद द्यायचा,
पांढऱ्या पट्टीने टोकं जुळवायची,
की नाशिकला ऐकू जायची
एक न खोकणारी, न चुकणारी बाई.

पुराच्या रात्री टेप नव्हती, सगळं थेट.
दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी,
मग छातीला.
दर पंधरा मिनिटांनी त्या सांगत होत्या,
धरणातून इतकं सोडलंय, होळकर पुलाखाली इतकं आलंय,
घाबरू नका, सामान राहू द्या, वर या.
त्यांचं घर सराफ बाजाराच्या उतारावर.
साडेतीनला शिपाई चिठ्ठी देऊन गेला.
वाचली. पेल्याखाली उलटी ठेवली.
माझ्या मीटरची सुई जराही हलली नाही.
नाही, खोटं कशाला,
हलली. एकदाच.
'वर या'मधल्या 'या'वर.

पुढे टीव्हीवर गेल्या, पावडर लावून.
अरेच्चा, इतक्या ठेंगण्या? लोक म्हणाले.
दहीपुलावर तोंडावरून कुणी ओळखायचं नाही.
"मेथी कशी दिली?" विचारलं
की भाजीवालीचा हात हवेतच थांबायचा
आणि एक जुडी जास्त पडायची.
बाई ती परत ठेवायच्या.
"आवाजाचे पैसे मला सरकार देतं, मावशी."

कापलेलं फेकून द्यायचा नियम होता.
मी एकवीस वर्षं बिस्किटांच्या डब्यात साठवलं.
का, ते विचारू नका,
बायकोनेही एकदाच विचारलं.
काल डबा उघडला.
आंबूस वास, शिरक्यासारखा.
पेन्सिलीने लिहिलेल्या तारखा पुसल्यात,
तुकडे एकमेकांना चिकटलेत,
आणि वाजवायला मशीन नाही.
केंद्रातलं शेवटचं मशीन भंगारात गेलं
तेव्हा सहीसुद्धा मीच केली होती.
एक तुकडा शाळेच्या पट्टीने मोजला.
तीन इंच.
श्वास.
कुठल्या वाक्याआधीचा,
कळायला मार्ग नाही.

उद्या सकाळी सातला
केंद्र त्यांचा जुना कार्यक्रम लावणार आहे.
मी ऐकेन, पेठ रोडच्या घरी,
चहा पुढ्यात ठेवून.
इतरांना सलग ऐकू येईल.
मला जोड ऐकू येतील,
हा इथला, हा त्या डिसेंबरातला.
आणि जोड आला की
मी हळूच खोकेन.
बायको आतून विचारेल,
सर्दी झाली का?