दर युनिटामागे

तक्त्यात पाच रकाने आहेत:
कोळसा, पाणी, वारा, ऊन, अणू.
साहेबांना शुक्रवारपर्यंत हवाय
दर युनिटामागे खर्च,
रुपयांत, दोन दशांश स्थळांपर्यंत.

पाण्याचा रकाना मी कोराच ठेवलाय.
म्हादईचं नाव काढलं
की कचेरीत सगळे चहाला उठतात.
वाऱ्याचं निदान वर्षभराचं मोजमाप लागतं,
आमच्याकडे अकरा दिवसांचं आहे;
बाराव्या दिवशी माकडांनी यंत्र पाडलं.
अणूसमोर एक आडवी रेघ.
टायपिस्ट विचारते, ही वजाबाकी की लागू नाही?

वास्कोला पिएदादबाईंनी
बाल्कनीच्या कठड्यावरून बोट फिरवलं
आणि माझ्या कागदाच्या कोपऱ्यावर टेकवलं.
"हेही लिहून घे."
मी त्यांना समजावलं,
हा कोळसा आपल्या दिव्यांचा नव्हे,
इथे नुसता उतरतो
आणि घाटापलीकडच्या भट्ट्यांकडे जातो.
"मग आपला कुठे जळतो?"
छत्तीसगडात, म्हटलं.
त्या थोडा वेळ गप्प राहिल्या.
"तिथे कठडा कोण पुसतं?"

आगरवाड्याला मिठागराच्या बांधावर
कुष्टा मिठगावडा फावड्याने
मीठ ओढत होता, मान वर न करता.
इथे पॅनेलं बसवली तर, मी म्हटलं,
भाडं बरं मिळेल.
"ऊन इथे आधीच कामाला आहे, सायबा.
फेब्रुवारी ते मे, एक रजा नाही.
त्याला दुसरी नोकरी लावायची
तर आधी माझा राजीनामा घ्या."
मी हसलो. तो नाही हसला.
निघताना मागून हाक मारली:
"पण रात्रीची लाईट घालवू नका हां.
नातीचं श्वासाचं मशीन आहे.
गेल्या आठवड्यात तीन तास गेली,
सून आणि मी आळीपाळीने
पुठ्ठ्याने वारा घालत बसलो.
वाऱ्याने काय होतं म्हणा.
पण हात रिकामे कसे ठेवणार?"

परतताना फेरीबोटीत
पुठ्ठ्याचाच हिशेब करत होतो,
तीन तास, दोन माणसं,
दर युनिटामागे किती.

शुक्रवारी तक्ता दिला.
कोळसा सगळ्यांत स्वस्त निघाला,
तीन रुपये आणि काही पैसे.
साहेबांनी कोपऱ्यावर नख घासलं.
"हा काळा डाग कसला?"
तळटीप आहे, म्हटलं.
ते चष्मा वर करून
पानाच्या तळाशी शोधत राहिले.