नमुना मतपत्रिका

केप्याच्या शाळेत, पहिल्या निवडणुकीआधी
मी कागदावर काढले आंबा आणि माड,
कुणाचीच बाजू नको म्हणून.
शिक्का वाळू द्या, मग उभी घडी,
नाहीतर शाई पलीकडे उमटते.
बिस्किटांचा डबा झाला पेटी.

सांतान रेंदेराने अंगठा पुढे केला,
भाटकाराच्या कागदावर करायचा तसा.
म्हटलं, अंगठा नको. नावही नको.
तो डब्याकडे बघत राहिला.

मतदानाच्या दिवशी बाहेर आला तो चिडून:
‘मास्तर, भितर माड खंय आसा?
आठ दीस चिंतून दवरिल्लो हांवें!’

रांग हसली.
मला हसता येईना, चित्र माझं होतं.

संध्याकाळी तो रोजच्यासारखा चढला वर,
शाईचं बोट तेवढं
खोडापासून जपत.