दस्ता, घोडा, माशी

फोंड्याच्या छापखान्यात सव्वीस वर्षं मुद्रितं तपासली,
म्हणजे दुसऱ्यांच्या चुकांवर पोट भरलं.
वडील गेले तेव्हा त्यांची एकनळी
वाळपईच्या ठाण्यात होती.
दर निवडणुकीला जमा करायची, पावती घ्यायची,
निकाल लागला की परत आणायची.
नेमके तेच पंधरा दिवस
रानडुकरं कुळागरात उतरत.
फौजदार म्हणाला, परवाना नावावर करायचाय ना,
मग आधी शिकून या.

म्हणून एप्रिलातल्या रविवारी मी इथे,
बंद पडलेल्या खनिजाच्या वखारीमागे,
लाल मातीच्या बांधासमोर.
बेनितो कुलासो, पलटणीतून निवृत्त,
बंदुकीआधी शब्द हातात देतो.

"ती गोळी न्हय, बाय. तें काडतूस."
गोळी म्हणजे फक्त पुढचं टोक, जे जातं.
मागे राहते पितळेची पुंगळी,
तिच्या पोटात दारू, बुडाशी टोपी.
चार वस्तूंना एकच नाव देऊन
आम्ही इतकी वर्षं बातम्या छापल्या
आणि मी प्रत्येकीखाली सही केली.
"तुज्या बापायचे बंदुकेंत तर छर्रे," तो म्हणाला.
रायफलीच्या नळीत आतून पीळ असतो,
गोळी गिरकी घेत सरळ जाते.
वडिलांची नळी आतून गुळगुळीत होती.
फक्त नळी.

दस्ता.
आमच्याकडे चोवीस कागद.
इथे लाकूड, खांद्याच्या खळगीत घट्ट रुतवायचं,
सैल धरलं तर गालफड सुजतं.
मॅगझिन म्हणजे मासिक नव्हे, असं मी म्हणाले,
तेव्हा सर्वेश गांवस माझ्याकडे बघत राहिला.
एकोणीस वर्षांचा आहे,
त्याने मासिक पाहिलेलंच नाही.
बोटाखालचा तो चाप, मागे आपटतो तो घोडा,
आणि मराठी माणूस दोघांनाही घोडाच म्हणतो,
यावर अर्धा तास गेला.
कुलासो म्हणाला, घोडा म्हण नाहीतर गाढव म्हण,
बोट बाहेर ठेव.

नळीच्या टोकावर माशी बसते, उडत नाही.
ती मागच्या खाचेत मधोमध दिसली पाहिजे.
माशी स्पष्ट, लक्ष्य धूसर.
सर्वेशला हे जमेना, त्याची नजर लक्ष्याकडे धावते.
मला लगेच जमलं.
जवळचं अक्षर बघताना
लांबचं सगळं पुसट होऊ देण्याचा
माझा सराव जुना आहे.

मग 'रिकामी'.
हा शब्द इथे ऐकून घ्यायचा नाही.
आपण उघडून, आत डोकावून, बोट घालून पाहावं,
आणि दुसऱ्याच्या हातात देताना त्यानेही पाहावं.
खटका ओढलेला असला तरी.
आमच्या स्वयंपाकघराच्या कौलात एक भोक होतं.
"रिकामीच होती गो," वडील म्हणाले होते,
आणि आईने त्याखाली
पावसाळाभर पातेलं ठेवलं होतं.

सर्वांत शेवटी त्याने 'थांबा' दिला.
बाकीचे हुकूम माझे, म्हणाला, हा कुणाचाही.
काल आलेल्याचासुद्धा.

माझी पाळी आली. कानांवर टोप्या, श्वास अर्धा सोडलेला,
माशी खाचेत,
आणि तिच्या मागच्या धूसरात काहीतरी पिवळं हललं.
बांधाच्या कडेला बाई, डोक्यावर बोंडूंची पाटी,
काजूच्या बागेतून जवळची वाट धरून आलेली.

थांबा, मी ओरडले.
आयुष्यात एवढ्या मोठ्याने मी काही वाचलं नव्हतं.
सहाच्या सहा नळ्या खाली गेल्या, काडतुसं बाहेर आली,
कुणी विचारलं नाही, का.
ती बाई मात्र उलट आमच्यावरच खेकसली,
तिच्या आज्याची वाट होती ती, म्हणे.
कुलासोने तिची माफी मागितली.
फाटकाचं कुलूप त्यानेच उघडं ठेवलं होतं.

त्या दिवशी पुढे बार झाला नाही.
हात साबणाने दोनदा धुऊन आम्ही तिचे बोंडू खाल्ले,
रस कोपरापर्यंत ओघळला,
घसा खवखवला.

ठाण्याची पावती माझ्या पर्समध्ये आहे.
तिच्यावर 'बंदुक' असं लिहिलंय, दू ऱ्हस्व.
पेन जवळच होतं.
मी अजून ते दुरुस्त केलेलं नाही.