प्रमाण : एकास साठ

खडकवासल्याला समुद्र आहे
म्हटलं की कसब्यातला मेव्हणा हसतो.
पण आहे. पत्र्याच्या शेडमध्ये, गुडघाभर,
आणि त्याची भरती माझ्या हातात :
डावं बटण वारा, उजवं बटण लाट.

एकोणीस वर्षं मी लाटा काढतोय.
खरा समुद्र पाहिला दोनदाच.
पहिल्यांदा हर्णैला, लग्नानंतर,
तेव्हा वाटलं,
याचं बटण कुणीतरी चालू ठेवून
जेवायला गेलंय.

गेल्या मंगळवारी टेम्पोतून दोन नमुने आले.
एक तेलाच्या विहिरीचा, चार पायांवर उभा,
एक पवनचक्कीचा, एकपायी,
दुधीभोपळ्यासारखा गुळगुळीत.
दोन्ही एकाच वाळूत रोवले.
दोघांवर एकच लाट सोडली,
खऱ्यात नऊ मीटर, इथे वीतभरही नाही.
लाटेनं विचारलं नाही
तू आधीचा की मागाहून आलेला.

फायली मात्र दोन.
तेलाची पातळ, पिवळी,
जिच्या कडा खाऊन झुरळं म्हातारी झाली.
काम संपल्यावर सांगाडा काढणे :
'यथावकाश'.
वाऱ्याची जाड, टाचण्या अजून चकाकणाऱ्या.
सांगाडा काढण्याची अनामत आगाऊ,
पाखरांची मोजदाद तीन हंगाम,
मच्छीमारांची सुनावणी दोनदा.
आगाशे वकीलबाई म्हणाल्या,
एक कायदा आजोबांचा, एक नातवाचा.
मग समुद्र कुणाचा, हे मी विचारलं नाही.
मी वर्ग तीन.

सुनावणीसाठी जयगडहून आले होते याकूब होडेकर.
स्वारगेटला उतरून, दोन बस बदलून,
पिशवीत सुकट, पिशवीतच अर्ज.
पायजमा वर खोचून उकिडवे बसले,
पाण्यात बोट बुडवून चाटलं.
"तुमचा दर्या गोडा हाय,"
मुलगी बघायला येऊन
खोट काढावी तसे म्हणाले.

मग बराच वेळ दोन्ही नमुन्यांकडे बघत राहिले.
"जाळा फाटला की आमी इचारत नाय
तेलानं फाडला का वाऱ्यानं.
वाऱ्याचा सायब चाय पाजतो, आयकून घेतो.
तेलाचा सायब तीस वरसांत गावला नाय.
पन चक्की हुबी ऱ्हायली
की तीबी बोलंल, हितना होडी नको.
दोगांना एकच पायली लावा.
मोठी लावा, बारकी लावा,
एकच लावा."

दिल्लीचे साहेब घड्याळ बघत होते.
"मंत्रालयं वेगळी आहेत,
तुलना अहवालात नको."
मी नोंदवहीत लिहिलं होतं : लाट एकच.
त्यांनी त्यावर रेघ मारली,
सभ्यपणे, पट्टी धरून.

आमच्या शेडच्या भिंतीवर
जुने फोरमन भिलारे यांनी
लाल ऑइलपेंटनं लिहून ठेवलंय :
ज्याने मांडले त्याने उचलावे. दिवा नंतर.
त्याला कलम नाही, पोटकलम नाही.
एका उन्हाळ्यात प्रत्यक्ष संचालकांना
धरणाची भिंत उचलायला लावली होती त्यांनी,
प्लास्टरची का असेना.

साडेपाचला पाणी सोडलं.
वाळू उघडी पडली.
तेलाच्या पायांशी चार लहान खड्डे,
चक्कीच्या पायाशी एकच, पण खोल.
दोन्हीकडचे मोजले,
त्याच रेघ मारलेल्या पट्टीनं,
साहेब ती विसरून गेले होते.

मांडले होते मीच, म्हणून वाकलो.
याकूबचाचांना कुणी सांगितलं नव्हतं,
भिंतीवरचं त्यांनी वाचलंही नसेल,
तरी त्यांनी चक्की खांद्यावर घेतली
डोलकाठी घ्यावी तशी,
आणि मी विहीर.

फावड्यानं खड्डे बुजवले.
शेवटची बस सव्वासातची.
मग दिवा.