पन्नास नंबर

साडेअकराची फेरीबोट लागली
की धक्क्याच्या फरशीवर बॅगांच्या चाकांचा खडखडाट,
आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून
हिरव्या क्रॉसखालचं दार किणकिणू लागतं.
आधी पाठी येतात,
उकडलेल्या खेकड्यासारख्या,
सदराही न सोसणाऱ्या.
पेरीना चष्मा कपाळावर सारते,
पन्नास नंबरची ट्यूब गल्ल्यावर उभी करते.
"उन्हात जाण्याआधी. पोहून आलात की पुन्हा.
आणि बारा ते चार सावलीत.
सावली फुकट आहे," ती म्हणते,
"म्हणून कुणी घेत नाही."

मी गेलो होतो रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी,
ज्या विसरू नयेत म्हणून
घरी फ्रीजवर काढून ठेवल्या होत्या.
तिने दंडाला पट्टा आवळला, आकडा वाचला,
आणि माझ्या हातातल्या थंड बिअरकडे
नुसतं पाहिलं.
मी बाटली दाराबाहेर ठेवून आलो.
नंतर पाहिलं तर शेजारी एक मांजर बसलं होतं,
राखण करत.

तेवढ्यात एक मुलगा लंगडी घालत आत.
मागे आई, हातात त्याची एकच चप्पल.
काजेतान, वय नऊ, पोलंडचा,
टाचेत समुद्रतळाच्या कुठल्याशा काटेरी गोळ्याचे
काळे काटे, आतच तुटलेले.
पेरीनाने त्याला वजनकाट्यावर बसवलं,
पाय कोमट पाण्यात.
रडू नको म्हणाली नाही. मोज, म्हणाली.
तो त्याच्या भाषेत, ती तिच्या,
चिमट्यागणिक एक.
येदेन, येदान. द्वा, द्वा.
सातापर्यंत दोघांचे आकडे
एकाच आईची पोरं वाटत होते.
अकराव्याला तो चक्क हसला.
"उद्यापासून रबरी बूट," ती आईला म्हणाली,
"खडकावर अनवाणी फक्त खेकडे चालतात."

इथल्या एका वाऱ्याचं नाव बुरा.
माझ्या भाषेतला अर्थ सांगितला, तर म्हणाली,
मग तो तुमच्याकडेही येऊन गेलेला दिसतो.
आभाळ लख्ख ठेवून तो डोंगर उतरतो,
आणि काठाशी डुलणारी हवेची गादी
बोट धरल्यासारखी
खुल्या समुद्राकडे घेऊन निघतो.

गुरुवारी त्या गादीवर काजेतानची बहीण होती.
यागोदा. बेटावर स्ट्रॉबेरीलाही यागोदाच म्हणतात.
फ्रानेने हातातलं जाळं टाकलं,
होडीचं इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा लागलं.
अर्ध्या तासाने तो तिला खांद्यावर घेऊन
थेट बायकोच्या दुकानात.
निळे ओठ, वाजणारे दात,
घोंगडी, साखर घातलेला कढत चहा.

फ्रानेच्या उजव्या कानाच्या कडेवर
एक खपली आहे. हिवाळ्यापासून.
सुकते, फुटते, सुकते.
"ऊन मला ओळखतं," तो म्हणतो,
चाळीस वर्षं हेच म्हणत आलाय.
आणि सव्वीस उन्हाळे ट्यूबा विकणारी ही बाई
जेवताना त्या कानाच्या बाजूला बसत नाही.

चहा संपला. आभार कुठल्या भाषेत मानावेत
हे यागोदाला सुचेना.
ती वजनकाट्यावर चढली,
गल्ल्यावरची ट्यूब उघडली,
आणि फ्रानेच्या नाकावर, गालांवर,
मग कानावर, अगदी कडेपर्यंत,
मन लावून पांढरं थापू लागली.
तो एकदा कळवळला. हलला मात्र नाही,
नाल ठोकून घेणाऱ्या घोड्यासारखा उभा राहिला.

पेरीना बिलं जुळवत होती.
मान वर न करता म्हणाली,
"सोमवारी सहाची बोट.
कातडीचा डॉक्टर दहाला बसतो, स्प्लिटला."

"सोमवारी तर मासळी..." त्याने सुरुवात केली,
वजनकाट्यावरच्या त्या दोन डोळ्यांकडे पाहिलं,
आणि वाक्य तिथेच ठेवलं.

बिलं पुन्हा पहिल्यापासून जुळवावी लागली.

दार किणकिणलं.
नवी पाठ.