पहिला शब्द

ऊन चढायच्या आत मासा पसरायचा असतो.
उसिपा, बोटाएवढी, चांदीच्या चुऱ्यासारखी.
मलावी सरोवराच्या काठी आमच्या बोरूच्या माचणी,
त्यावर ती हातानं सारखी करायची,
एकीवर एक चढू द्यायची नाही.
वाचणंही तसंच, मालिसेनी गुरुजी म्हणायचे,
अक्षर अक्षरावर चढू देऊ नकोस, एनेलेसी.

बावन्नाव्या वर्षी बसले मी
प्रार्थनाघरामागच्या आंब्याखाली,
नातवाहून लहान पोरांच्या रांगेत.
पुस्तक मांडीवर. पानांना मासळीचा वास, माझ्याच बोटांचा.
आणि कुणाच्या मदतीवाचून वाचलेला
पहिला शब्द निघाला
आताते.
बाप.

मी पुस्तक मिटलं.

माझा बाप जोहान्सबर्गच्या खाणीत गेला
तेव्हा मी आईच्या पाठीवर बांधलेली होते.
त्याचं एक घोंगडं आलं, करडं, लाल काठाचं,
आणि एक पत्र.
गावात वाचणारं कुणी नव्हतं.
आई म्हणाली, येईल तेव्हा तोच वाचून दाखवेल.
छपराच्या बांबूत खोचलेलं ते पत्र
वाळवीनं वाचलं, शेवटपर्यंत.

आमची प्रार्थना त्याच शब्दानं सुरू होते.
रविवारी सगळे तिथून निघायचे,
मी दुसऱ्या शब्दापासून,
होडी पाण्यात ढकलून झाल्यावर चढणाऱ्यासारखी.
अकरा महिने.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
ज्याच्या आलं असेल, तो बोलला नाही.

वाचत मात्र राहिले, हट्टानं.
मका कांडून झाल्यावर, चूल विझायच्या आत, रोज दोन ओळी.
लहानपणी मुसळ मलाच उचलायचं,
घाव थोडे, लटकणंच जास्त.
दंड कधी भरले ते मुसळालाच ठाऊक.
ओळींचंही तसंच झालं.
ज्या वर्षी पाणी चढून माचणी वाहून गेल्या
त्या सकाळी मला उशिरा कळलं
की मी रडत नव्हते,
खांब रोवत होते.

एकदा पुस्तकात नातूच सापडला.
लिंबानी. बळकट व्हा.
नाव मीच ठेवलेलं. सातव्या महिन्यात जन्मला,
मुठीएवढा, श्वास मोजून घेणारा,
मी घाबरून तोंडाला येईल ते म्हणाले होते.
मला काय माहीत,
ही हाक आधीच कुणी मारून ठेवली आहे.

मग जुलैत म्वेरा सुटला.
दक्षिणेचा वारा, तो कुणाची ओळख ठेवत नाही.
लिंबानीची होडी बाहेर होती.
चितेंजे कमरेला करकचून, कंदील घेऊन
मी काठावर उभी राहिले.
रात्रभर एकच केलं: पाहिलं.
जिथं काही दिसत नव्हतं, नेमकं तिथंच.
उजाडताना ठिपका उमटला
तो आधी मला दिसला,
तरण्या डोळ्यांच्या कोळ्यांना नंतर.
म्हणाले, म्हातारे, तुला कसा दिसला?

त्या दिवशी मासा पसरलाच नाही.
पुस्तक काढलं.
त्यात एक बाप आहे,
त्याला त्याचा पोर लांबूनच ओळखू येतो.
कितीदा वाचलं होतं, बोट ठेवून, अडखळत.
लांबून कुणाला ओळखू येतं?
जो रोज त्याच वाटेकडे बघत असतो, त्याला.

मला वाटायचं, आयुष्यभर वाट मी एकटीनंच पाहिली
दक्षिणेच्या रस्त्याकडे तोंड करून.
पाठीमागून कुणी माझ्याकडे बघत असेल,
मान वळवून कधी पाहिलंच नाही.

खाणीतल्या त्या माणसाला माफ केलंस का,
हे मला विचारू नका.
घोंगडं अजून आहे, थंडीत लिंबानी पांघरतो.

पण त्या रविवारी पहिल्या शब्दाला मी होते.
आवाज फाटला. सुरात तर नव्हताच.
शेजारच्या बाईनं वळून पाहिलं.

पुस्तकात त्या जागी एक खवला चिकटलाय, निघत नाही.
ऊन पडलं की असा चमकतो
की खालचं अक्षर दिसत नाही.
नसू दे.
तेवढं मी न बघता म्हणते.