नारिंगी फिती

शर्यतीच्या दोन दिवस आधी मी फिती बांधत निघालो,
आडबंदरच्या जेटीपासून वर सड्यावर, तिथून खाली खाडीपर्यंत.
एकवीस किलोमीटर. घड्याळात निळी रेघ,
आदल्या रात्री दुकान बंद केल्यावर
(कणकवलीत मोबाईल दुरुस्त करतो मी)
उपग्रहाच्या फोटोवर बोट फिरवून काढलेली.
फोटोत सगळंच सपाट दिसतं.

पहिल्या घाटीतच रेघ अडली.
म्हणजे घड्याळात ती पुढे जात होती,
समोर मात्र करवंदीची जाळी
आणि जाळीमागे कुणाचा तरी नवाकोरा चिऱ्यांचा गडगा.

गडग्यावर सत्यभामा तारी बसली होती.
सत्तरीची असेल. हातात कोयती.
"हयसून वाट व्हती," म्हणाली,
"आमी चलूचा सोडला, तशी मोडली."
आणि उठून, न विचारता, पुढे झाली.

पहाटे तीनला होडी लागायची.
बांगडा पाटीत, पाटी डोक्यावर,
आणि पळायचं.
सड्यापलीकडच्या बाजारात जी पहिली पोचेल तिला भाव,
दुसरीला अर्धा,
तिसरीने मासे परत आणून खारवायचे.
"तिसरी कोण असायची?"
"माजी सासू."
बाजारात सासू तिच्याशी बोलत नसे.
घरी आल्यावर बोलायची. पुष्कळ.

वर आलो तेव्हा कातळ तापायला लागला होता.
गवत कापून नेलेलं, खुंट तेवढे उरलेले,
चालताना पोटऱ्यांना ओरबाडणारे.
ती सांगत होती: टाच टेकायची नाही,
पाटीतलं पाणी पाठीवरून पायापर्यंत उतरतं,
ओल्या टाचेला कातळ धरत नाही.
मग माझ्या नऊ हजारांच्या बुटांकडे वाकून बघितलं.
"ह्येंका दात आसत," म्हणाली,
कौतुकाने की कसं, कळलं नाही.

सड्याच्या मधोमध एकावर एक रचलेले दगड,
तिच्या खांद्याएवढे उंच, वर सपाट.
मान न वाकवता पाटी सरकवता यावी
आणि तशीच, कुणाचा हात न लागता, परत घेता यावी
इतकीच उंची.
कुणी रचले, तिला ठाऊक नव्हतं.
तिने त्यावर तळहात ठेवला आणि लगेच काढला.
चटका बसला असेल.

पुढे वाट फुटते.
मी डावीकडच्या कुड्याला फीत बांधली.
तिने ती सोडून उजवीकडे बांधली.
मी म्हटलं, तिकडून जवळ पडतं.
"मगे?"
मी म्हटलं, एकवीस भरायला हवेत. लांबूनच जावं लागेल.
ती थांबली. माझ्याकडे बघत राहिली,
आणि हसली. सकाळपासून पहिल्यांदा,
खांदे हलेपर्यंत, कोयती खाली ठेवून.

रविवारी सहाला शिट्टी वाजली.
एकशे चाळीस जण: पुण्याचे, बेळगावचे, आमच्या कणकवलीचे अकरा.
पाण्याची सोय आम्ही त्या दगडांपाशी केली होती,
सावली नाही तरी निदान खुणेची जागा म्हणून.
केळी, गूळशेंगदाणे, कोकमाचं पाणी.
कोल्हापूरची एक मुलगी धापा टाकत आली,
दगडांकडे पाठ केली, किंचित गुडघे वाकवले,
पाठीवरची पिशवी तिथे टेकवून पट्ट्यांतून हात काढले.
पाणी प्यायली. तशीच, मागे न बघता,
पट्ट्यांत हात घालून निघाली.
मी आजूबाजूला पाहिलं.
दाखवण्यासारखं जवळ कुणीच नव्हतं.

बक्षिसं झाल्यावर सत्यभामाबाईंना जेटीवर गाठलं.
पहिला आला त्याची वेळ सांगितली:
एक तास बावन्न मिनिटं.
तिने बोटांवर काहीतरी मोजलं.
"तवसर ऊन इला व्हता?"
हो, म्हटलं, आलं होतं.
"मगे बाजार उठलो,"
ती म्हणाली, आणि जाळ्यातला खेकडा सोडवायला लागली.

मी लांबच्या वाटेवरच्या फिती सोडवायला गेलो.